कट्ट्याच्या संघाचे हात

गंगारामच्या गाऱ्हाण्यात किती जोर आहे हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा सांगणारा म्हातारा फेकतोय. म्हणा. देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं एकानं मोठ्यानं विनवणी करायची आणि बाकीच्यांनी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, एवढंच ते गाऱ्हाणं. ते घालणारे गावोगाव आहेत. पण गंगारामनं एकदा आमच्या कट्टा गावच्या बाजारात एका नव्या दुकानाचं गाऱ्हाणं घातलं, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं स्टिअरिंग सोडून हात जोडले. टेम्पो शहाणा. वळणावर आपणहून वळला आणि थेट धामापूरच्या तळ्याकाठी जाऊन पाणी बघत उभा राहिला. मागच्या खुराड्यातल्या कोंबड्यांनीही माना खाली घातल्या होत्या असं लोक सांगतात, पण ते मी पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगत नाही.

टेम्पोचं सोडा. गौरजा नावाची पोर पडली ते मात्र खरं आहे. ते मी पाहिलं.

गंगारामची मुलगी अस्मिता कट्ट्याच्या शाळेत खेळाची बाई. दोन वर्षांपूर्वी शालेय स्पर्धांत चीअरलीडिंग नावाचा खेळ घेतल्याचं पत्र शाळेत आलं. मुख्याध्यापकांना वाटलं, क्रिकेटच्या मॅचमध्ये कडेला नाचतात ते. त्यांनी पत्र घाईघाईनं पालथं ठेवलं. अस्मितानं सुलटं केलं, वाचलं आणि हट्टाला पेटली. कारण यात नाचणं थोडं, चढणं जास्त. गाण्यावर उड्या मारायच्या, आरोळ्या देऊन प्रेक्षकांना आपल्याबरोबर ओरडायला लावायचं आणि मुलींनी मुलींना उचलून मनोरा करायचा. वर जाते ती फ्लायर. तिचे पाय तळहातांवर तोलतात त्या दोघी बेस. तिच्यामागे उभी राहून तिच्या डोक्यामानेवर नजर ठेवते ती स्पॉटर. फ्लायर जमिनीवर येईपर्यंत या तिघींचे हात सुटले की तो सुरक्षेचा गुन्हा. मनोरा दोन माणसांहून उंच चालत नाही. हे ऐकून आमचे दहीहंडीवाले हसले. दोन थरांची हंडी तर घरातल्या फडताळावरही असते म्हणाले.

आणि सगळ्यात मोठा नियम हा, की मॅटच्या काठाशी कार्डवाला, म्हणजे परीक्षा पास झालेला कोच उभा नसेल, तर संघानं मॅटवर पाय ठेवायचा नाही.

ते कार्ड मिळवायला अस्मिता पुण्याला गेली. पहिल्या खेपेला पेपरात विचारलं, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी सुरक्षिततेसाठी कोचनं काय करावं? हिनं लिहिलं, नारळ ठेवावा. नापास. दुसऱ्या खेपेला लेखी सुटलं, पण वरून पडणाऱ्या मुलीला झेलताना हिनं डोळे मिटले. झेललं बरोबर, पण मिटलेल्या डोळ्यांना मार्क नाहीत. नापास. तिसऱ्या खेपेला ती डोळे असे ताणून उभी राहिली की परीक्षकच दचकला. पास झाली. ते निळं कार्ड गळ्यात घालून ती एसटीतून उतरली तेव्हा बाजारातल्या निम्म्या लोकांना वाटलं, बाई बँकेत लागली.

गौरजा फ्लायर. नववीतली, काटकुळी, हसली की सगळं तोंड दात. नम्रता आणि अक्षया या दोघी बेस. दोघी शेतकऱ्यांच्या मुली, भाताचे भारे वाहून खांदे तयार झालेल्या. मागे स्पॉटर सुगंधा. बाकीच्या मुली कडेनं उड्या मारायच्या. मॅट नव्हतं, म्हणून शाळेमागं गवताच्या पेंढ्या अंथरून त्यावर ताडपत्री. गौरजा वर जायची, हात पसरायची आणि काजूच्या झाडांवरून म्हणे तिला तारकर्लीचा समुद्र दिसायचा. तारकर्ली तिथून कुठल्या कुठे. पण थापा मारणारं माणूस मला पहिल्यापासून आवडतं.

जिल्ह्याची स्पर्धा ओरोसला झाली. गाव लोटला. गंगारामही गेला, धुतलेला सदरा घालून, गॅलरीत पहिल्या रांगेत. संगीत सुरू झालं, नम्रता आणि अक्षयानं हात जुळवले आणि गौरजा एका दमात वर. गंगारामनं तिला कधी एवढ्या उंच पाहिलं नव्हतं. म्हातारा खुर्चीतून उठला. आणि भ्यालेला माणूस जे त्याला येतं तेच करतो.

“बा देवा म्हाराजा,” गंगारामचा आवाज त्या हॉलभर गेला, “आज जा काय लेकरू वर चढला आसा, तेका संबाळून खाली उतरय रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” सगळा हॉल म्हणाला.

नम्रतेनं हात जोडले. अक्षयानं जोडले. सुगंधानं जोडून वर डोळेही मिटले. मॅटच्या काठाशी कार्ड घातलेल्या अस्मितानं जोडले. जन्मापासूनची सवय; तिला विचार लागत नाही. गौरजाच्या पायाखाली काही उरलं नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. फणस पडल्यासारखा झाला.

कोपराचं हाड मोडलं. तिला उचलून नेल्यावर मुख्य परीक्षक विनीत सर अस्मिताकडे आले. नागपूरचे गृहस्थ. आवाज चढवायची सवय नव्हती, आणि त्यामुळंच त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

“मॅडम, तुमच्या स्पॉटरचे हात कुठे होते?”

“जोडलेले होते, सर.”

“बेसचे?”

“जोडलेले.”

“आणि तुमचे?”

अस्मितानं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

“मी दिल्लीत परीक्षण केलंय, गुवाहाटीत केलंय,” सर म्हणाले. “मुली घाबरून हात सोडतात, थकून सोडतात. अख्ख्या संघानं कोचसकट हात जोडून मुलगी खाली टाकली, हे मी प्रथमच पाहतोय. ही पहिली ताकीद. वर्षभरात दुसऱ्यांदा हात सुटले तर कार्ड रद्द होईल. मग तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही.”

तीन वर्षांत या सगळ्या मुली शाळा सोडून गेल्या असत्या. कार्ड गेलं की संघ गेला, हे कट्ट्याच्या स्टॉपवरच्या कुत्र्यालाही कळत होतं. आणि गंमत बघा, जिल्ह्यात दुसरा संघच नव्हता. त्यामुळे मुलगी पाडूनही आम्ही पहिले आलो आणि कुडाळच्या विभागीय स्पर्धेला निवडले गेलो. ढाल घ्यायला पुढे कोणी जाईना.

त्या संध्याकाळी गंगाराम खळ्यात सुपारी कातरत बसला होता. कातरत होता म्हणजे नुसता अडकित्ता उघडत मिटत होता. अस्मिता समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, तुमी कुडाळाक येवचा नाय.”

“नाय येवचंय.”

“आणि आलास तर तोंड उघडूचा नाय.”

“टावेल कोंबून बसतंय. झाला?”

ती समोर पायरीवर टेकली. “एक काम करा मगे. रोज प्रॅक्टिसीक येवा. मुली गौरजाक उचलतीत, तुमी गाऱ्हाणा घाला. रोज आयकान आयकान सवय मोडतली.”

गंगारामनं अडकित्ता खाली ठेवला. “देवाक बोलवन सांगू काय? काय नाय रे म्हाराजा, उगाच बोलयलंय, हय प्रॅक्टिस चालू आसा?”

“देव समजून घेतलो.”

“तू घेवक नाय समजून. गाऱ्हाणा काम आसल्याशिवाय घालीत नाय, बाय. खोटा गाऱ्हाणा माझ्या आज्यान घातल्यान नाय, बापाशीन घातल्यान नाय. तुझा कार्ड गेला तर मी माझो कान कापून दितंय, पण ह्या माका सांगा नको.”

“तुमचो कान घेवन मी काय करू?” अस्मिता म्हणाली आणि आत गेली. चुलीपाशी बसून रडली असावी. भाकरी खारट होती असं गंगाराम नंतर म्हणाला.

मग तिनं मोबाईलवर दुसऱ्या गावच्या जत्रेतलं गाऱ्हाणं मिळवलं आणि ताडपत्रीशेजारी लावलं. गौरजाच्या जागी तांदळाची गोणी वर उचलली. मोबाईल ओरडला, बा देवा म्हाराजा. मुलींचे हात हलले नाहीत. पुन्हा लावलं, पुन्हा हलले नाहीत. अस्मिताचा चेहरा पहिल्यांदा उजळला, आणि तेवढ्यात नम्रता म्हणाली, “बाईनू, ह्येका कोण हात जोडतलो? ह्यो मोबाईल आसा.”

म्हणजे खऱ्याला हात जोडले जातात की नाही ते खरं ऐकल्याशिवाय कळणार नाही, आणि खरं गाऱ्हाणं घातलं जाईल तेव्हा मुलगी वर असणार. अस्मितानं मुलींच्या मनगटांना काथ्याच्या दोऱ्या बांधून बघितल्या. तळहातांना चिखल लावून बघितला, पावलांना चिकटून राहतील म्हणून. एक दिवस ती मला म्हणाली, “काका, तुमी थापाडे. तुमी घाला बघू एक गाऱ्हाणा.” मी थापा मारतो ते माणसांना. नाही म्हणालो.

गौरजाचं प्लास्टर निघालं. ती आली, ताडपत्रीवर उभी राहिली, नम्रता आणि अक्षयानं हात जुळवले. तिनं एक पाय ठेवला. दुसरा उचलला नाही. नुसती उभी. मग पाय काढून घेतला आणि म्हणाली, “उद्या.”

उद्याला उद्या जोडत गेली. ती कंबरेएवढी जायची आणि उतरायची. चिडून नम्रता म्हणाली, “अगो, आमी काय मुद्दाम टाकलव तुका?”

“मुद्दाम टाकला असतास तर बरा झाला असता,” गौरजा म्हणाली. “मगे मी भियालंय नसतंय. मुद्दाम टाकणारा माणूस तरी कळता.”

सुगंधा तोंड फिरवून पेंढ्या सारख्या करत बसली. दुसरी फ्लायर करावी म्हटलं, तर बाकीच्या मुली एकेक अशा भरभक्कम, की त्यांना वर ठेवायला खाली बैलजोडी लागली असती. अस्मिताला रात्र रात्र झोप नव्हती. एकदा ती मुख्याध्यापकांना नाव काढून घ्या म्हणायला गेली. दारापर्यंत गेली आणि परत आली. आत नम्रतेची आई बसली होती, मुलीला कुडाळला घालायला नवे बूट घेतलेत ते दाखवायला.

निघायच्या आदल्या दिवशी गौरजा वर गेली. पूर्ण. हात पसरले नाहीत, समुद्र दिसला म्हणाली नाही, पण गेली. अस्मितानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मुलगी नाही म्हणाली असती.

कुडाळच्या हॉलमध्ये कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे संघ. चकचकीत पोशाख, केसांत चांदीच्या रिबिनी. त्यांच्या मुली हवेत अशा फिरत होत्या की एक वरच राहिली आणि जेवणाच्या सुट्टीत शिडी लावून उतरवावी लागली. बरं, शिडी नव्हती, पण उशीर झाला होता हे नक्की. प्रेक्षक मात्र सगळे आपले, कुडाळ मालवणचे. गंगाराम मागच्या दाराशी उभा होता. न येण्याचं कबूल करून आला होता, पण तोंडात खरंच टॉवेलाचं टोक होतं.

परीक्षकांच्या टेबलाशी मधे विनीत सर. त्यांनी अस्मिताचं कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, परत दिलं.

“मॅडम, नियम माहीत आहेत ना? तुम्ही काठाबाहेर. मॅटवर पाऊल टाकलं किंवा मुलीला हात लावला, तर संघाचे गुण जातील. धोका वाटला तर हात वर करा, मी थांबवतो.”

“माहीत आहे, सर.”

“आणि ते…” त्यांनी दोन्ही तळवे जवळ आणून दाखवले.

“नाही होणार, सर.” असं म्हणताना अस्मितानं स्वतःचे हात पाठीमागं घट्ट धरले होते.

संगीत सुरू झालं. उड्या नीट झाल्या. आरोळी द्यायची वेळ आली तेव्हा मुलींनी पाठ केलेली इंग्रजी आरोळी दिली आणि आमचे प्रेक्षक अंत्ययात्रेला आल्यासारखे बघत राहिले. प्रेक्षकांच्या प्रतिसादाला वेगळे गुण असतात. ते तिथंच बुडाले. मग नम्रता आणि अक्षयानं हात जुळवले. गौरजानं पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि वर गेली.

ती वर पोचली आणि हॉलमधली वीज गेली.

गुडुप काळोख. दारं बंद, खिडक्यांना काळे पडदे. स्पीकर मात्र बॅटरीवर होते, त्यामुळे गाणं चालूच. आणि गाणं चालू आहे तोवर खेळ चालू, असा नियम. नियमात हेही होतं की कोचनं हात वर करावा. अस्मितानं केला. काळोखात वर केलेला हात कोणाला दिसणार? ती ओरडली, पण स्पीकर तिच्याहून मोठा. मग गाणं आपलं आपण संपलं आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली. तीनशे माणसांचा श्वास अडकल्यावर जी होते ती.

त्या शांततेत, बरोबर मधोमध, उंचावरून एक बारीक आवाज आला.

“बा देवा म्हाराजा…”

पहिला विचार, गंगाराम. पण आवाज मुलीचा होता.

“आज जी काय मी हय वर एकटी उभी आसंय…”

“व्हय म्हाराजा,” हॉल म्हणाला. काळोखात तीनशे जोड्या हात जोडल्याचा आवाज कसा येतो ठाऊक आहे? कबुतरांचा थवा उठल्यासारखा. माझेही जोडले गेले. त्या थव्यात मॅटवरचे सहा हात होते की नव्हते, हे कोणाला कळणार?

“माझ्या पायाखालचे हात खरे आसत तर ते थयच रवांदेत रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.” या वेळी मॅटवरूनही आलं. नम्रतेचा आवाज चिरकला होता. सुगंधा तर रडतच म्हणाली.

“आणि नसतीत तर…” गौरजा थांबली. पुढचं तिला येईना. गाऱ्हाण्यात असं थांबत नाहीत.

तेवढ्यात वीज आली.

जे दिसलं ते मी मरेपर्यंत सांगणार. सगळा हॉल उभा, हात जोडून, माना खाली. दोघे परीक्षक कोल्हापूरकडचे, पण त्यांचीही पेनं टेबलावर आणि हात छातीशी. दाराशी गंगाराम, हात जोडलेले, तोंडात टॉवेल, डोळ्यांतून पाणी. आणि मॅटवर नम्रतेचे आणि अक्षयाचे हात गौरजाच्या पावलांना असे आवळलेले की नखं पांढरी. सुगंधाचे तिच्या पोटऱ्यांना. डोळे सताड उघडे, वर लागलेले.

आणि त्यांच्यामध्ये, मॅटच्या आत, अस्मिता. काळोखात चाचपडत ती आत शिरली होती. दोन्ही हातांनी गौरजाचे गुडघे धरलेले. गळ्यातलं कार्ड उलटं होऊन पाठीवर लोंबत होतं.

तिनं मान वळवून परीक्षकांकडे पाहिलं. फक्त विनीत सरांचे हात जोडलेले नव्हते. त्यांच्या हातात पेन होतं आणि ते सरळ तिच्याकडे बघत होते. तिला अजून हात काढता आला असता. मागं सरकून काठाबाहेर उभी राहिली असती, तर काळोखात काय झालं हे कोण सिद्ध करणार होतं? तिनं हात काढले नाहीत. म्हणाली, “ये गो खाली. सावकाश.”

गौरजा खाली आली. पायांवर आली.

निकालाला वेळ लागला. टेबलाशी बरीच कुजबुज झाली. एक परीक्षक म्हणत होता, ती आरोळी धरायची का, प्रेक्षकांनी प्रतिसाद तर दिलाय. दुसरा म्हणाला, आपण दोघांनीही दिला, आता नाही कसं म्हणायचं? प्रतिसादाचे पूर्ण गुण मिळाले. पण कोच मॅटवर गेला, मुलीला हात लावला, त्याचे इतके कापले गेले की कट्ट्याचा संघ शेवटून पहिला. राज्याला जायचं संपलं. कार्डाचं कोणी काही बोललं नव्हतं, आणि अस्मिता त्या शब्दाची वाट बघत भिंतीशी टेकून उभी होती. मुली तिच्याभोवती, पण कोणी तिला हात लावायला धजेना.

विनीत सर आले.

“तुम्ही मॅटवर गेलात.”

“होय, सर.”

“गुण कापले ते त्याचे. ते मला कापावेच लागतात.” ते घुटमळले. “सुरक्षेच्या रकान्यात मी हातांबद्दल लिहितो. वीज आली तेव्हा मला मॅटवर आठ हात दिसले. आठच्या आठ जागेवर होते. तिथं लिहिण्यासारखं काही नाही.”

अस्मितानं मागं हात नेला, कार्ड पाठीवरून ओढून पुढं आणलं आणि मुठीत धरलं. मग तिथंच खाली बसली.

सर जाता जाता गौरजापाशी थांबले. “काळोखात मुलगी वर असताना स्पॉटरचं लक्ष विचलित करणं, हे किती धोक्याचं आहे कळतं का तुला? ज्याच्यामुळे एकदा हाड मोडलं तेच?”

गौरजानं मान खाली घातली. कळतं म्हणाली. सर गेले.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. कोल्हापूरची ढाल समोरच्या बसमध्ये चमकत होती. गंगारामनं टॉवेल तोंडातून काढून खांद्यावर टाकला होता, पण बोलत नव्हता. मला वाटतं सवय झाली होती. पणदूरच्या पुढे त्यानं एकदाच मागं वळून गौरजाला विचारलं.

“खोटा घातलंस काय गो?”

“नाय. खराच होता,” ती म्हणाली. “मी भियालंय होतंय.”

“मगे गपचूप रवाचा. ह्यांनी परत हात जोडले असते म्हंजे?”

गौरजा खिडकीबाहेर बघत होती. पलीकडच्या सीटवर नम्रता आणि अक्षया एकमेकींवर डोकी टाकून झोपल्या होत्या, तळहात उघडे, लाल झालेले.

“पडलंय असतंय,” ती म्हणाली. “पण माका बघूचा होता.”